गच्चीवरची चाळीस झाडं आणि पंधरा हजारांचा लॉट

प्रश्न: नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालोय, विजापूर रोडला घर आहे. गच्चीवर बेचाळीस झाडं आहेत, सगळी मी स्वतः काढून आणलेली. पेठेतले जुने वाडे पाडताना भिंतीतून निघालेले वड, पिंपळ, नांद्रुक, उंबर, भावाच्या शेताच्या बांधावरच्या चिंचा आणि विलायती चिंच, दोन जुन्या बोगनवेली, आणि नान्नजकडच्या माळावरनं आणलेल्या तीन बोरी. पक्कं बोन्साय एकही नाही, सगळी प्री-बोन्साय, म्हणजे पुढं बोन्साय करायला बुंधा तयार करत ठेवलेली झाडं, काही ग्रो बॅगमध्ये, काही क्रेटमध्ये. मे अखेरीस आम्ही कायमचे मुलाकडे बेंगळुरूला चाललोय, तिथं नवव्या मजल्यावर एक बाल्कनी. एक नर्सरीवाला सगळ्यांचे मिळून १५ हजार देतो म्हणतो. मित्र म्हणतो लाखाच्या खाली हात लावू देऊ नका. बायको म्हणते फुकट द्या पण मोकळे व्हा. दर कसा लावायचा? आत्ता विकू, की कुणाकडे ठेवून पावसाळ्यात विकू? आणि खरं सांगू का, बारा वर्षं सांभाळलेली झाडं विकायची म्हणजे लेकरं विकल्यासारखं वाटतंय.

उत्तर: काका, नमस्कार. लेकरांचा विषय आधी उरकून टाकू. तुम्ही विकली नाहीत तर काय होणार ते बघा ना, मे महिन्यात सोलापूरची गच्ची, पारा बेचाळीसच्या वर, नळाला पाणी काही दिवसांआड, आणि खाली राहायला आलेला भाडेकरू म्हणतोय की काका मी घालतो पाणी, टेन्शन घेऊ नका. तो पहिले आठ दिवस घालणार. ग्रो बॅगमधलं झाड कडक उन्हाळ्यात दोन दिवस कोरडं राहिलं तरी बारीक मुळं जळतात, वरचा बुंधा मात्र महिनाभर हिरवा दिसतो, म्हणून कुणाला कळतही नाही. त्यामुळं विकणं हाच सांभाळण्याचा उपाय आहे आणि पैसे देऊन नेणारा माणूस फुकट नेणाऱ्यापेक्षा जास्त पाणी घालतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. वहिनींचा मोकळं व्हायचा मुद्दा बरोबर आहे, फुकटचा तेवढा नाही.

आता दर. १५ हजारांना बेचाळीस झाडं म्हणजे एक झाड साडेतीनशेला पडलं. ऐकून राग येतो, पण नर्सरीवाला लुटतोय असं लगेच म्हणू नका. त्याला ती टेम्पोनं न्यायचीत, उन्हाळाभर माणूस लावून पाणी घालायचंय, त्यातली काही मरणार ती त्याच्या अंगावर, आणि सोलापुरात प्री-बोन्साय घेणारी गिऱ्हाइकं मोजकीच, सगळा माल जायला त्याला वर्ष-दोन वर्षं लागतील. तुमच्या मित्राचा लाखाचा हिशोबही अगदीच हवेतला नाही, पण तो आकडा येतो कधी, तर प्रत्येक झाडाला त्याचं खास गिऱ्हाईक मिळालं, ते पुण्या-मुंबईकडचं असलं आणि तुमच्याकडं वाट बघायला वेळ असला तर. तुमच्याकडं मार्चपासून मे म्हणजे अडीच महिने आहेत. म्हणून लॉटमध्ये सगळं घालवू नका आणि लाखावर अडूनही बसू नका, झाडं वेगळी करा. मला या पत्रात सांगायची मेन गोष्ट हीच आहे. बेचाळीस झाडांचा एक भाव नसतो.

आणि एक जरा कडू बोलते. बारा वर्षांची मेहनत दरात धरू नका. भिंतीतून वड काढताना किती घाम गाळला, किती उन्हाळे हातानं पाणी घातलं, याचे पैसे कुणी देत नाही. घेणारा दोनच गोष्टींचे पैसे देतो, एक बुंधा आणि दुसरी खात्री, की हे झाड माझ्याकडं आल्यावर जगेल.

बुंधा म्हणजे नेमकं काय? बोन्सायवाला माणूस झाड खालून वर बघतो आणि आपण सगळे वरून खाली बघतो, तिथंच गडबड होते. पाच फुटी झाडाला जास्त पैसे मागितले जातात, पण घेणारा ते घरी नेऊन फुटावर कापणारच असतो, त्याला उंचीशी घेणंदेणं नाही. तो मातीच्या कडेला बघतो, मुळं चारी बाजूंनी पसरलीत का (ते लोक त्याला नेबारी म्हणतात), बुंधा खाली जाड आणि वर निमुळता होत गेलाय का की पाइपसारखा सरळसोट आहे, खालच्या अंगाला कुठं फांदी किंवा डोळा आहे का, आणि तुम्ही करवत मारली ती जखम कुठल्या बाजूला आहे, भरत आलीय का. वडा-नांद्रुकाची जखम लवकर भरते, चिंचेची आणि बोरीची सावकाश, कधी कधी भरतच नाही, मग तिथं ढोली करून तोच शो करायचा असतो, पण ते पुढच्या मालकाचं काम.

भिंतीतनं निघालेल्या झाडांची मुळं बहुतेक वेळा एका बाजूला चपटी, पंख्यासारखी असतात. नवीन लोकांना तो दोष वाटतो, जाणकाराला तीच गोष्ट आवडते, कारण असला आकार कुंडीत वाढवून मिळत नाही. त्यात जुन्या वाड्याची वीट मुळात धरलेली असेल तर ती चुकूनही काढू नका. वीट दिसेल असाच फोटो टाका, त्या विटेसकट झाड विकलं जाईल.

जातीप्रमाणंही फरक पडतो. त्याच जाडीच्या चिंचेला वडापेक्षा जास्त मागायला हरकत नाही, चिंच जाड व्हायला फार वर्षं घेते, पान बारीक आणि साल म्हातारी दिसते. नांद्रुक आणि वड लवकर फुगतात, पण कसेही वागवले तरी जगतात म्हणून नवशिके तेच मागतात. जुन्या खोडाची बोगनवेल सगळ्यात आधी जाणार, फुलं दिसली की गिऱ्हाईक विचार करत नाही, फक्त तिची मुळं ठिसूळ असतात तेव्हा बॅग बदलायच्या भानगडीत पडू नका, आहे त्या बॅगसकट द्या. पिंपळ आणि उंबर यांची पानं मोठी, लवकर बारीक होत नाहीत, त्यामुळं मागणी कमी, बुंधा फारच भारी असेल तर गोष्ट वेगळी. पिंपळ विकू नये असं कुणी म्हणालंच तर वाद घालू नका, एखादा पिंपळ बिनपैशाचा देऊन टाका, तसंही त्याचे फार येणार नव्हते.

खात्रीचं आता. काढून आणलेल्या झाडाला पहिली पालवी फुटली की आपण म्हणतो, लागलं बरं का. पण ती पालवी खोडात साठवलेल्या जेवणावर फुटते, खाली मूळ एक नसलं तरी फुटते, आणि साठा संपला की झाड एका आठवड्यात मान टाकतं. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर काढलेलं कुठलंही झाड एस्टॅब्लिश्ड, म्हणजे मुळं पक्की धरलेलं, म्हणून विकू नका. बुंध्याला दोन बोटांनी अलगद हलवून बघा, बुंध्याबरोबर अख्खी माती हलली तर मुळं धरलीत, बुंधा एकटाच मातीत डुगडुगला तर नाही धरलेली. बॅगच्या भोकांतून पांढरी मुळं बाहेर डोकावत असतील तर प्रश्नच मिटला, त्याचा फोटोच काढून ठेवा. आणि गिऱ्हाईक आलं तर उपटून दाखवायच्या फंदात पडू नका, मार्च-एप्रिलात तर नाहीच नाही.

आता गच्चीवर जा आणि झाडांना दोऱ्या बांधा, वेगवेगळ्या रंगाच्या, वहिनींकडं असतीलच. पहिला रंग त्या सहा-आठ झाडांना, ज्यांचा बुंधा बघून तुमचे बोन्सायवाले मित्र थांबतात. ही एक-एक करून विकायची, लॉटमध्ये अजिबात नाही. दुसरा रंग मधल्या झाडांना, पंधरा-वीस असतील, ही चार-पाचच्या गठ्ठ्यानं द्या, एक वड एक चिंच एक नांद्रुक असं मिक्स करून, नव्यानं शिकणाऱ्याला असं पॅकेज आवडतं आणि तुमची गच्ची पटापट रिकामी होते. तिसरा रंग बारीक खोडाच्या आणि नुकत्याच काढलेल्या झाडांना. ही नर्सरीवाल्याला किंवा जमिनीत लावायला. वड-पिंपळ भावाच्या शेतात, गावच्या शाळेत, देवळाच्या मोकळ्या आवारात पाऊस पडल्यावर लावता येतील, फक्त विहिरीपासून आणि भिंतीपासून लांब, नाहीतर तीस वर्षांनी दुसरा कुणीतरी तुमच्यासारखा येऊन ती भिंतीतून काढत बसेल.

समजा पहिल्या रंगाची आठ झाडं सरासरी तीन हजारांना गेली तरी चोवीस झाले, नर्सरीवाल्याच्या पंधराच्या पुढं गेलात, आणि अजून चौतीस झाडं गच्चीवर आहेत. तीन हजार हा आकडा मी नुसता उदाहरणाला घेतलाय हां. तुमचा आकडा काढायचा तर बोन्साय ग्रुपवर त्याच जातीचं, साधारण त्याच घेराचं झाड कितीला *गेलं* ते विचारा, कितीला टाकलं होतं ते विचारू नका, आणि त्यातून पुण्यापर्यंतचा वाहतुकीचा खर्च वजा करा. मग वहीत प्रत्येक झाडापुढं दोन आकडे लिहा, मागायचा आणि मनातला शेवटचा. शेवटचा आकडा वहिनींना सांगून ठेवा, म्हणजे घासाघीस चालू असताना तुम्ही विरघळणार नाही.

नर्सरीवाल्याला नाही म्हणू नका. त्याला सांगा की मे च्या दुसऱ्या आठवड्यात या, उरलेली सगळी तुमची, दर झाडामागं बोलू. तो म्हणेल की मग चांगली चांगली आधी मला निवडू द्या. तिथं मात्र ठाम राहा, कारण निवडायची पहिली संधी त्याला दिलीत तर तो दहा उचलेल आणि उरलेल्या बत्तीस झाडांसाठी तुमचा फोन घेणार नाही.

फोटोचं सांगते कारण निम्मी विक्री तिथंच होते. सकाळी आठच्या आत काढा. मागं दोरीवरचे कपडे, पाण्याची टाकी, डिश अँटेना नको, एक साधा एकरंगी कपडा लावा. आणि हो, सोलापुरी चादर लावू नका, आपल्याला अभिमान असला तरी त्या नक्षीत बुंधा शोधावा लागतो. वरची सैल माती ब्रशनं बाजूला करून मुळं दिसू द्या, फोटो झाला की परत झाका. बुंध्याशेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे जाडी कळते. चारी बाजूंनी एकेक फोटो, आणि जिथं कीड लागली होती किंवा साल गेलीय तिथला एक वेगळा, लपवलेला दोष घेणाऱ्याला घरी गेल्यावर दिसतो आणि मग ग्रुपवर तुमचं नाव निघतं. खाली लिहा, झाड कुठलं, कुठून आणि कुठल्या साली काढलं, मातीशी घेर किती इंच, मातीच्या मिक्समध्ये काय आहे (विटांचा चुरा, शेणखत जे असेल ते), मुळं शेवटची कधी छाटली, आणि किंमत. किंमत लिहाच. 'प्राईस इनबॉक्स' बघितलं की निम्मी माणसं पुढं जातात, मी तर जातेच.

पिंपळाची पानगळ या दिवसांत होते, उघडा दिसला तर लोकांना मेलेला वाटतो. आठ-पंधरा दिवस थांबा, तांबूस नवी पानं आली की मग फोटो काढा. कुणी आत्ताच बघायला आलं तर बारीक फांदीवर नखानं ओरखडा काढून आतला हिरवा दाखवा.

आणि विकायचं आहे म्हणून झाडाला नटवू नका. चांगल्या कुंडीत घालू, फांद्यांना वळण द्यायला तार मारू, थोडी छाटणी करू, हे सगळं मोह आहेत. आता मुळांना हात लावायचा तर पुढं रणरणता उन्हाळा, वड-नांद्रुकाचं मुळांचं काम आपल्याकडं पाऊस सुरू झाल्यावर बरं, तोपर्यंत नवीन मालकालाही सांगा की जूनपर्यंत नुसतं पाणी आणि दुपारची सावली. पार्सलनं लांब पाठवायची झाडं एप्रिलच्या मध्याच्या आत काढा, नंतर बंद खोक्यात ती भाजतात. आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी, सकाळी लवकर हवाली. पुण्याकडचं कुणी स्वतः गाडी घेऊन आलं तर त्याला पाचशे कमी करा पण त्यालाच द्या, अडीचशे किलोमीटरची जबाबदारी तुमच्या डोक्यावरनं जाते.

ऑनलाईन विकताना एक जपा. दोन मिनिटांत सगळं पसंत पडलं, भाव केला नाही, झाडाबद्दल एक प्रश्न विचारला नाही आणि म्हणाला क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील, तर फोन ठेवून द्या. पैसे *घ्यायला* स्कॅन करावं लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, हे तुम्ही बँकेतले आहात, मी काय सांगणार, पण विक्रीच्या घाईत भले भले फसतात. ॲडव्हान्स आल्याशिवाय झाड राखून ठेवू नका, 'काका रविवारी येतो नक्की' वाले रविवारी येत नाहीत. एक रविवार सकाळी सात ते दहा गच्ची उघडी ठेवा, ओळखीच्यांत स्टेटस टाका, पत्ता विचारेल त्यालाच द्या.

आता बोरी. काका, नान्नजकडचा माळ म्हणालात म्हणून इथं जरा थांबते. तिकडं माळढोक अभयारण्य आहे, आणि माळ उघडा-बोडका दिसतो म्हणून तो कुणाचाच नसतो असं नाही. अभयारण्यातून झाड काढायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, राखीव वनातून परवानगीशिवाय काढणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा होतो. तुम्ही नेमकं कुठून काढल्या तो गट नंबर आठवत असेल तर सातबारा बघा. कुणा शेतकऱ्याच्या नावावर असेल तर त्याला भेटून सांगा, उशिरा का होईना, बहुतेक तो चहा पाजून परत पाठवेल. वनखात्याची किंवा गायरान निघाली तर त्या तीन बोरी विक्रीत घेऊ नका, कितीही मागणी आली तरी, आणि त्यांचं पुढं काय करायचं ते वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. बोरीचा फोटो ग्रुपवर टाकून 'माळावरनं काढलेली' असं लिहिलंत तर प्रश्न विचारणारे असणारच, आणि विचारलंच पाहिजे. वाड्यातली झाडं घरमालकाला विचारून काढलेली असतील आणि चिंचा भावाच्या बांधावरच्या, तर तिथं मालकीची अडचण दिसत नाही. तेच लिहा, 'घरमालकाच्या परवानगीनं, पाडकामातून'. आजकाल लोक हे बघून घेतात.

पावसाळ्यापर्यंत कुणाकडं ठेवायचं म्हणालात. सरसकट ठेवू नका, पण तुमचा कुणी बोन्सायवाला मित्र गावातच असेल तर पाच-सहा झाडं त्याला अर्धलीनं द्या. आपल्याकडं शेळ्या देतात तशी. राखण त्याची, झाड तुमचं, विकलं की निम्मे-निम्मे. पावसाळ्यानंतर तीच झाडं भरगच्च दिसतील आणि भाव बरा येईल. वडाचं एखादं असेल तर वटपौर्णिमेच्या आधी विचारणा होतेच, सोसायट्यांना पूजेला कुंडीतला वड हवा असतो, फांद्या तोडून आणण्यापेक्षा ते किती बरं. फक्त अर्धलीचं साध्या कागदावर लिहून काढा, झाडाचे फोटो दोघांच्याही मोबाईलवर, कमीत कमी कितीला विकायचं तो आकडा, आणि मेलं तर कुणी कुणाला बोलायचं नाही हे वाक्य. मित्राच्या बायकोला पण विचारा. तो टूरवर गेला की पाणी तीच घालणार आहे.

बेंगळुरूला दोन न्या, फार तर तीन. तिथली हवा आपल्यापेक्षा गार, नांद्रुक आणि वड आरामात राहतील, पण नवव्या मजल्यावर वारा फार आणि बाल्कनीला ऊन किती तास येतं ते मुलाला आत्ताच फोन करून विचारा. विलायती चिंच नेऊ नका, काटे आहेत आणि नातवंडं असतील तर डोक्याला ताप. पॅकर्सवाले सहसा झाडं घेत नाहीत, घेतली तरी जबाबदारी घेत नाहीत, तेव्हा स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटच्या पायाशी, पहाटे निघून. आणि न्यायची ती आत्ताच ठरवा, सगळ्यात आधी दोरी त्यांना बांधा, नाहीतर गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर प्रत्येक झाड न्यायचंच आहे असं वाटायला लागेल.

रिकामे क्रेट, जादा ग्रो बॅग, चाळण्या आणि चाळून ठेवलेला विटांचा चुरा हे नर्सरीवाल्याच्या शेवटच्या लॉटमध्ये फुकट घालू नका. चाळलेला चुरा सोलापुरात तयार मिळत नाही म्हणून बोन्सायवाले रडत असतात, त्याचे पोत्यावर वेगळे पैसे मागा.